बर्फ, घोंगडी आणि लाल चादर

व्यापारी व कारागीर बंधूंनो, कापडाच्या माणसाने सुताचा भाव, उधारी आणि गठ्ठ्याचे भाडे सोडून बर्फावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या आयुष्यात बर्फाने आम्हाला दोनदा फजीत केले. एकदा लग्नात आणि एकदा दुकानात. दोन्ही वेळा नुकसान झाले ते बर्फ महाग होता म्हणून नाही, तर बर्फ म्हणजे काय हे आम्हाला कळत नव्हते म्हणून. तेव्हा आज हिशेबाच्या वहीत हा विषय घेऊ.

पहिली गोष्ट १९९६ च्या मे महिन्यातली. भोंगवलीत आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न होते. वडिलांनी शरबतासाठी बर्फाच्या दोन लाद्या सांगितल्या होत्या. लादी म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे किलोचा माल. उघड्या टेम्पोतून पुणे-सातारा रस्त्याने ऊन खात ती आली, तेव्हाच निम्म्या वाटेवर टेम्पोच्या मागे पाण्याची धार लागली होती. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर, कामाचा मोठा उत्साह. लगेच दोन्ही लाद्या फोडून बारीक तुकडे केले, पत्र्याच्या टबात भरले आणि वर ओले गोणपाट टाकले. वर पंखाही लावला, थंड राहील म्हणून! शेजारच्या वाडीचे एक धनगर आबा मांडवात बसले होते. ते म्हणाले, "आरं पोरा, फोडतुयास कशाला? आख्खी ठिव, फळीवर ठिव, आन् वरनं घोंगडी टाक." आम्ही हसलो. म्हटले, "आबा, बर्फाला घोंगडी? गरम नाही का व्हायचा?" आबा काही बोलले नाहीत.

जोहरच्या वेळेला वऱ्हाड आले. टबात हात घातला तर पाणी. नवऱ्या मुलाकडच्या माणसांना कोमट शरबत पाजावे लागले आणि वडिलांची मान त्या दिवशी खाली गेली. रागावले नाहीत, पण पुढे कित्येक वर्षे कोणाच्या लग्नाचा विषय निघाला की ते आमच्याकडे एकदा पाहत.

आता यातले शास्त्र पाहू. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. विज्ञानाच्या तासाला गोठणबिंदूला 'नुक्ता-ए-इंजमाद' म्हणत. आणखी एक शब्द होता, 'मख्फी हरारत'. मख्फी म्हणजे लपलेली. मराठी पुस्तकात त्यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. परीक्षेपुरता तो पाठ केला आणि विसरलो. खरे तर बर्फाचा सगळा व्यापार त्या एका शब्दावर चालतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की थंडी नावाचा माल जगात नाही. ती कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. प्रवास करते ती उष्णता. गरम जागेकडून थंड जागेकडे ती सतत वाहत असते. माणसाचे अंग हवेपेक्षा गरम, म्हणून हिवाळ्यात अंगातली उष्णता बाहेर जाऊ लागते. घोंगडी ती अडवते. बर्फ हवेपेक्षा थंड, म्हणून बाहेरची उष्णता आत येऊ लागते. घोंगडी तीही अडवते. घोंगडीत स्वतःची ऊब काहीच नाही. लोकरीचे धागे कुरळे असतात, त्यांच्या पोटात हवा अडकून बसते, आणि स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. घोंगडी हा नाका आहे, दोन्ही बाजूंची ये-जा रोखणारा. बापजाद्यांपासून कापड विकणाऱ्या घराला ही गोष्ट एका मेंढपाळाने सांगावी लागली आणि ती ऐकूनही आम्ही हसलो.

ओल्या गोणपाटाचीही तीच कथा. गोणपाट कोरडे असते तेव्हा त्याच्या छिद्रांत हवा असते. भिजले की तिथे पाणी बसते, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता पोचवते. पंख्याने तर आम्ही दर मिनिटाला नवी गरम हवा बर्फावर आणून ओतत होतो. आणि फोडणे? एका चौकोनी ठोकळ्याचे लांबी, रुंदी, उंचीत मधोमध कापून आठ तुकडे केले तर वजन तेवढेच राहते, पण उघडा पृष्ठभाग दुप्पट होतो. उष्णतेला शिरायला दुप्पट दारे. आम्ही तर आठ नव्हे, आठशे तुकडे केले होते.

आता लपलेली उष्णता. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी व्हायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. एवढी उष्णता बर्फ गिळतो आणि तापमापकावर एक रेघही हलत नाही, म्हणून ती लपलेली. जोसेफ ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हे मोजून दाखवले. गिऱ्हाईक बर्फ विकत घेते म्हणजे काय घेते? उष्णता गिळण्याची ही ताकद. बर्फ वितळतो तेव्हाच तो काम करतो. गिऱ्हाइकाच्या पातेल्यात वितळला तर धंदा, वाटेत वितळला तर तोटा.

हा हिशेब ज्याने सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर मांडला तो अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. १८०६ साली त्याने तळ्यातला बर्फ जहाजात भरून वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पाठवला, तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले. त्या खेपेत तो बुडाला आणि पुढे कर्जापायी तुरुंगातही गेला. पण धंदा सोडला नाही. १२ मे १८३३ रोजी त्याचे 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. सप्टेंबरात जहाज पोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. आमचा बर्फ टेम्पोतून येऊन दुपारपर्यंत टिकला नाही आणि त्याचा बोस्टनहून आला!

त्याच्या धंद्याची मांडणी व्यापाऱ्याने नीट पाहण्यासारखी आहे. माल फुकट, तळ्यात आपोआप तयार होणारा. बांधणीचा लाकडी भुसा जवळजवळ फुकट, कारण लाकूड कापणाऱ्या गिरण्यांना तो टाकून द्यायचाच होता. जहाजेही स्वस्त. अमेरिकेतून हिंदुस्थानकडे येताना भरायला पुरेसा माल नसे, जहाज हलके पडून डोलू नये म्हणून तळाला धोंडे भरावे लागत. ट्यूडरने धोंड्यांच्या जागी बर्फ भरला. परत जाताना हिंदुस्थानचा माल होताच. वर त्याच्या सहकाऱ्याने, नॅथॅनिएल वायथने, घोड्याने ओढायचे कातरयंत्र काढले. त्याने सगळ्या लाद्या एका मापाच्या निघू लागल्या. एका मापाचे ठोकळे अंगाला अंग लावून बसतात, मध्ये हवा खेळत नाही आणि शेकडो ठोकळ्यांची मिळून एकच मोठी लादी होते. ज्याने थानांचा गठ्ठा बांधला आहे त्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कंपनी सरकारने बर्फावरची जकात माफ केली आणि रात्री माल उतरवायची परवानगी दिली. व्यापाऱ्याला सरकारकडून एवढे मिळाले तरी पुष्कळ असते.

आपल्या मुंबईत हा अमेरिकन बर्फ १८३४ साली आला. आणवणारे जहांगीर नसरवानजी वाडिया हे पारशी व्यापारी. जमशेटजी जीजीभॉय (पुढे ज्यांना सर किताब मिळाला) यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि यजमान व पाहुणे सर्दीने आजारी पडले अशी बातमी त्या काळी छापून आली. सर्दी आइस्क्रीमने झाली की आणखी कशाने, अल्लाह जाणे. पण नव्या मालाची बदनामी कशी होते ते यात दिसते. पुढे फोर्टात गोदीजवळ बर्फाचे कोठार बांधले गेले. त्या जागी आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे. जहाज लांबले की शहरात बर्फाचा दुष्काळ पडे. हा व्यापार चाळीस-पन्नास वर्षे चालला. मग वाफेच्या यंत्रावर बर्फ करणारे कारखाने निघाले. कलकत्त्याची बंगाल आइस कंपनी १८७८ ची. तळ्यातला फुकटचा बर्फही मग महाग पडू लागला, कारण कारखान्याचा बर्फ वाटेत वितळत नव्हता. त्याला वाटच नव्हती.

त्याआधी आपल्याकडे बर्फ नव्हता असे नाही. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने सोऱ्याने पाणी गार करण्याची पद्धत दिली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. अकबराचा दरबार लाहोरला गेला त्या सुमारास, १५८६ च्या आसपास, डोंगरातून होड्या, गाड्या आणि हमालांच्या साखळीने रोज बर्फ येऊ लागला. अमीर तो बारा महिने वापरीत आणि बाकीचे लोक उन्हाळ्यात. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडते ते हिम आणि गोठलेल्या पाण्याला 'यख' म्हणतात. आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, कारण दख्खनमध्ये आकाशातून पडताना पाहिलाच कोणी! गारा तेवढ्या ओळखीच्या. आमच्या पिढीने हिम पाहिले ते पडद्यावर, १९६१ च्या 'जंगली'त शम्मी कपूर त्यात लोळला तेव्हा. आता मुंबईत कुर्ल्याला तिकीट काढून कृत्रिम बर्फात पोरे घसरगुंडी खेळतात. आम्ही नातवंडांच्या हट्टाने असल्या एका ठिकाणी जाऊन आलो. दारात भाड्याचे कोट देतात. आम्ही कोटाचे अस्तर चाचपून पाहिले, सवय आहे.

पण आमच्या डोंगरापलीकडे महाबळेश्वरला कधी कधी थंडीत पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेले सापडते. हवा चार-पाच अंश असते आणि गवतावर मात्र शून्य. कारण आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडून देते. ढग असते तर त्यांनी घोंगडीसारखी अडवली असती. अलाहाबादकडे याच युक्तीने पूर्वी बर्फ करीत. उथळ मातीच्या परळांत पाणी घालून ते हिवाळ्याच्या रात्री पेंढ्यावर मांडून ठेवायचे. पेंढा खालून जमिनीची उष्णता येऊ देत नसे आणि वरून आकाशाला दार उघडे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर याने याचे वर्णन लंडनला छापले.

आता कामाचा हिशेब. रमजान उन्हाळ्यात आला किंवा घरात लग्न असले की प्रश्न येतोच, शंभर लिटर शरबताला बर्फ किती? पाणी ३० अंश आहे, १० अंशांवर आणायचे आहे. शंभर लिटरमधून २० अंश काढायचे म्हणजे २००० किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८० गिळतो आणि वितळलेले पाणी शून्यावरून १० वर येताना आणखी १०, एकूण ९०. भागाकार केला की बावीस किलो येतात. वाटेतली व भांड्याची तूट धरून तीस किलो घ्यावा. दोन लाद्या मागवायची गरजच नव्हती! बावीस किलो बर्फाचे बावीस लिटर पाणी शरबतात मिसळणार, म्हणून साखर आणि रूहअफजा सव्वापट पाण्याच्या मानाने घालावे, नाहीतर शेवटच्या पंगतीला नुसते गार पाणी मिळते. आदल्या रात्री पाणी माठांत भरून ठेवले तर आणखी बचत. माठातून झिरपून एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे शंभर लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरले आणि सहा-सात किलो बर्फ वाचला.

लादी ठेवायची ती अखंड, लाकडी पट्ट्यांवर, खालचे पाणी निघून जाईल अशी. भोवती कोरडा भुसा, वर कोरडे गोणपाट किंवा घोंगडी. भुसा भिजला की बदलावा. थर्माकोलची पेटी मिळाली तर उत्तमच, तीही अडकलेल्या हवेचेच काम करते. लागेल तेवढाच तुकडा फोडावा.

कुलफीवाले आणि पॉटचे आइस्क्रीम करणारे बंधू मीठ वापरतात त्याचे कारणही पाहू. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो. वितळायला उष्णता हवी, ती तो कुलफीच्या साच्यातून ओढतो. तीन भाग बर्फाला एक भाग जाडे मीठ या प्रमाणात मिश्रण उणे २१ अंशांच्या जवळपास जाऊ शकते. त्याहून जास्त मीठ घालणे म्हणजे मीठ वाया घालवणे. बर्फाच्या कारखान्यातही मीठच आहे, पण वेगळ्या कामाला. तिथे अमोनियाचे यंत्र खाऱ्या पाण्याची टाकी शून्याखाली नेते. खारे पाणी गोठत नाही, आणि त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतले गोडे पाणी बाहेरून आत गोठत जाते. गोठताना पाणी आपल्यातली हवा आणि क्षार आत ढकलते, म्हणून लादीचा मधला गाभा पांढुरका दिसतो.

गाळ आत ढकलला जातो, नाहीसा होत नाही. जंतूंचेही तसेच. गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत, काही झोपतात आणि ग्लासात जागे होतात. १९९६ च्या लग्नानंतर पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या घरातल्या तीन मुलांना कावीळ झाली. त्यातला धाकटा पुतण्या दोन आठवडे अंथरुणावर होता. बर्फानेच झाली असे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा, खाण्याचा की मासे झाकण्याचा, हे कोणी विचारलेच नव्हते. २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. निळा बर्फ शरबतात घालू नये हे तर झालेच, पण पांढरा आहे म्हणून खाण्याचाच असेल असेही धरू नये. गोळ्याच्या गाडीवाल्या बंधूंनी कारखान्याला परवाना आणि पाणी दोन्ही विचारावे. गाडीवर आजारी पडते ते बहुधा मूलच असते.

आता दुकानातली गोष्ट, जी आम्हाला अधिक महागात पडली. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आम्ही एका रंगाऱ्याकडून चाळीस लाल चादरी घेतल्या. भाव बरा होता. आसपासच्या आठवडे बाजारांत आठ दिवसांत संपल्या आणि पुढच्या बाजारापासून परत येऊ लागल्या. एक बाई चादर घेऊन आली, सोबत पोराचा शाळेचा सदरा. म्हणाली, "भाई, एकदाच धुतली. सदरा बघा." पांढरा सदरा गुलाबी झाला होता. तिला चादरीचे पैसे दिले, सदऱ्याचेही दिले. सत्तावीस चादरी परत आल्या. उरलेल्या तेरा घेणाऱ्यांनी परत आणल्या नाहीत, पण ते पुन्हा आमच्याकडे आलेही नाहीत.

आम्ही रंगाऱ्याशी भांडायला गेलो. तिथे एका जुन्या कारागिराने बाजूला घेऊन सांगितले, "शेठ, बर्फ वाचवला." नॅफ्थॉलचा लाल रंग तयार रंग म्हणून कापडावर चढत नाही, तो कापडातच जन्मतो. आधी कापड नॅफ्थॉलच्या द्रावणातून काढतात. मग 'बेस'मध्ये आम्ल आणि सोडियम नायट्राइट घालून दुसरे द्रावण करतात व कापड त्यात बुडवतात. दोघांची गाठ पडली की धाग्याच्या आत लाल रंग तयार होतो. हे दुसरे द्रावण उष्णता सहन करीत नाही. ते बर्फ घालून गार ठेवावे लागते, नाहीतर त्यातून नायट्रोजन वायू सुटून ते बिघडते. मग रंग फिका, डागाळ बसतो. धाग्यात कमी, धाग्यावर जास्त, आणि हाताला व पाण्याला लागतो. म्हणूनच या रंगांना इंग्रजीत बर्फाचे रंग असे नाव पडले. बर्फाशिवाय चालणारे तयार सॉल्टही मिळतात, ते महाग. मे महिन्यात बर्फाचा भाव चढलेला आणि शेडमध्ये चाळीस अंश. एका लादीची बचत करायला जाऊन आमच्या सत्तावीस चादरी गेल्या. शेडच्या कोपऱ्यात आम्ही पाहिले, तिथेही लादी फोडून ओल्या गोणपाटाखाली टाकलेली होती. मांडवातला टब आठवला.

भांडण राहिले. आम्ही त्या रंगाऱ्याला लाकडी पट्ट्या, भुसा आणि कोरडे आच्छादन सांगितले. त्याने एवढेच विचारले की उन्हाळ्यात लोकरीने बर्फ कसा टिकेल. पुढच्या फेरीला आम्ही दुकानातली एक घोंगडी नेऊन त्याच्या लादीवर टाकली आणि संध्याकाळी परत येऊन वजन करायला लावले. तेव्हापासून लाल माल घेताना आम्ही पांढरा रुमाल ओला करून कापडावर वीस वेळा घासतो. रुमालाला रंग आला तर गठ्ठा उघडाच ठेवून उठतो, आणि एप्रिल-मे मधला लाल माल असेल तर शेडमधली लादीही पाहतो.